जोडसायकलीवरचे नमस्कार

आंबेमोहर पिकायला लागला की भाटघरच्या रस्त्याला सकाळी एक वास येतो. तो नुसता भाताचा नसतो. त्यात रात्रीचं दव असतं, बांधावरचं ओलं गवत असतं, खाचरातून नुकतंच आटलेलं पाणी असतं. इतरांना या वासानं भूक लागते. माझं डावं कोपर दुखायला लागतं. एवढी वर्षं झाली, भोर संस्थान विलीन झालं, कचेरीवरची पाटी बदलली, पण माझ्या कोपराला त्याचं काही नाही. लोंब्या वाकल्या की ते मला आठवण करून देतं, की या रस्त्याच्या कडेच्या जवळजवळ प्रत्येक खाचरात मी एकदा तरी पडलेली आहे. एकटी नव्हे, नवऱ्यासकट.

नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं पुरे झालं. तेव्हा हे भाटघरला मुलांच्या शाळेत मास्तर होते. उंच, किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा, काळी टोपी, आणि समोरून कुणी वडीलधारं माणूस आलं की दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार. ही शेवटची खूण वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी. पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच झाला.

धरणावर त्या वेळी एक गोरा इंजिनिअर राहत असे. त्याला हे शाळा सुटल्यावर मराठी शिकवायला जात. साहेब आणि त्याची मडम संध्याकाळी दोन माणसांच्या एका लांबलचक सायकलीवरून हवा खायला निघत. साहेब पुढं, मडम मागं. विलायतेला परत जाताना साहेबानं ती सायकल यांना देऊन टाकली. त्याचं मराठी पाहता ही गुरुदक्षिणा जरा जास्तच होती. इतके दिवस शिकून त्याला 'पुरे' आणि 'अजून वाढा' एवढंच नीट येत होतं, आणि कुठलं कधी म्हणायचं याचा घोळ शेवटपर्यंत राहिला.

हे ती सायकल हातात धरून भोरच्या पेठेतून घरी आले तेव्हा मागं जत्रा लागली होती. दोन बैठकी, दोन हँडलं, चार पायडलं. पुढचं हँडल वळायचं, मागचं नुसतं धरायला. पुढं साहेबासाठी उंच आडवी नळी. मागं मडमेसाठी नळी खाली वाकवलेली, आणि तिचा झगा अडकू नये म्हणून साखळीला झाकण नि मागच्या चाकाला दोऱ्याची जाळी. एकानं विचारलं, "मास्तर, ही ओढून लांबवली, का दोन सायकली एकीला एक डकवल्या?" यांनी त्यालाही नमस्कार केला, कारण तो वयानं मोठा होता.

त्याच सुमारास भाटघरला मुलींचा वर्ग उघडायचं ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की वर्ग सुरू. पण बाई मिळाली तर. बाई न मिळाल्यास वर्ग रद्द, असं शाळाखात्यानं स्पष्ट कळवलं होतं. मी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याची. आमच्या गावात सातवी पास झालेली मुलगी मी एकटीच होते, आणि त्या सातवीचा उपयोग लग्न झाल्यापासून वाण्याकडच्या पुड्यांचे कागद वाचण्यापलीकडं झाला नव्हता. पुड्या सोडताना मी कागद इतका वेळ वाची की आमटी करपे. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की देवापुढं दिवा लावताना दुसरं काही मागायचं मला सुचत नसे.

घरात माणसं तीनच. आम्ही दोघं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी कचेरीत शिरस्तेदार होते. घरी बसून वर्षं झाली तरी त्यांची भाषा कचेरीचीच. यांनी चाचरत माझ्या नोकरीचा विषय काढला तेव्हा ते झोपाळा थांबवून म्हणाले, "दरखास्त वाजवी आहे. पण अटी आहेत. सकाळचा स्वयंपाक करून मग निघायचं. दिवेलागणीच्या आत घरात. आणि रस्त्यात हसं होता कामा नये. यांतली एक जरी मोडली तरी हुकूम रद्द."

हे रोज पायी जात. ते गडी माणूस, पहाटे निघत. मी चालत गेले असते तर पहिल्या दोन अटी एकदमच मोडल्या असत्या. सायकलीवर गेलं तर मात्र दोन्ही सहज पाळता येत होत्या. उरली तिसरी. तिचं आम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही.

दसऱ्याला लोक विळेकोयते पूजतात, पाट्यापुस्तकं पूजतात. आम्ही सायकल पूजली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मामंजींनी स्वतःच्या हातानं पुढच्या हँडलला झेंडूची माळ बांधली, आणि संध्याकाळी आम्ही सायकल बाहेर काढली. सायकलीवर डाव्या बाजूनं चढतात, डावा पाय आधी टाकतात, हे यांना ठाऊक होतं. पण दसऱ्याच्या दिवशी शुभकार्याला डावा पाय? हे उजवीकडं जाऊन उजवा पाय टाकून चढले. मीही उंबरठ्यावरचं माप ओलांडावं तशी उजव्याच पायानं मागं चढले. सायकल सावकाश पलीकडच्या बाजूला आडवी झाली. माळ चाकात गेली, पाकळ्या रस्ताभर उडाल्या. मामंजी ओट्यावरून म्हणाले, "सीमोल्लंघन झालं. आता उचला."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गावाबाहेर, भाटघरच्या रस्त्यावर शिकायला जाऊ लागलो. डाव्या पायाशी यांनी तडजोड केली. दोघांनी एकदम पाय मारायचे, एकदम थांबवायचे, एका बाजूला कलायचं, हेही हळूहळू जमलं. माझी नऊवारी सायकलीला चांगली. कासोटा घट्ट असला की झालं. त्यांच्या धोतराचा सोगा मात्र पुढच्या साखळीत दिवसाआड अडके. पण ते खरं संकट नव्हतं. खरं संकट असं, की भोरात वडीलधारी माणसं फार.

वैद्यबुवा सकाळी त्याच रस्त्यानं फिरायला येत. भटजी कुठल्या तरी वाडीवर पूजेला निघालेले असत. निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त हेडमास्तर, निवृत्त तलाठी, यांना तर दुसरं कामच नव्हतं. समोरून कुणी आलं की हे हँडल सोडून दोन्ही हात जोडत. आणि मी मागं बसलेली. मामंजींच्या वयाचं माणूस दिसलं की माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं जात. म्हणजे चार हातांतला एकही हात सायकलीवर नाही. सायकल बिचारी आपल्या अकलेनं जाई, आणि तिची अक्कल कडेच्या खाचरापर्यंतच होती. वैद्यबुवा डोळे मिटून आशीर्वाद देत. डोळे उघडून बघतात तो रस्ता मोकळा.

"एका हातानं केला तर नाही का चालणार?" मी भातात बसल्या बसल्या विचारलं.

"एका हातानं शिपाई सलाम करतो," हे चष्मा शोधत म्हणाले.

"मग नुसती मान हलवावी."

"मान नंदीबैल हलवतो. अगं, तात्यांच्या वयाची माणसं ती."

तात्या म्हणजे मामंजी. जगात जेवढी म्हणून पिकल्या केसांची माणसं होती ती सगळी यांच्या लेखी तात्यांच्या वयाची. त्यांना पाठीमागून घंटी वाजवणं तर बोलायलाच नको. "घंटी काय वाजवायची? ते काय रस्त्यात बसलेली गुरं आहेत?" म्हणून हे घंटीऐवजी हळूच खोकत. पुढं चालणाऱ्याला खोकला ऐकू गेला नाही तर त्यांच्या चालीनं मागं मागं जायचं. इतक्या हळू सायकल उभी राहत नाही. शिवाय या खोकण्यानं वैद्यबुवांचा गैरसमज होऊन त्यांनी यांना अडुळशाचा काढा सुरू केला. तोही हे मुकाट्यानं घेत, कारण वैद्यबुवा वडीलधारे.

आम्ही सगळ्यात जास्त वेळा कोंडाबाईच्या खाचरात पडलो. तिचं खाचर वळणावर, ऐन उतारात. भात राखायला ती दिवसभर बांधावर असायची. पहिल्यांदा घाबरून धावत आली. नंतर नंतर बसल्या जागेवरून बोलू लागली.

"आवो मास्तर, भात कापाया इळा लागतो, सायकल न्हाई लागत."

"चुकलं, कोंडाबाई," हे हात जोडून म्हणत. ती वयानं मोठी.

"चुकू द्या. बाईस्नी लागलं न्हाई न्हवं? लोंब्या मऊ हायेत म्हून बरं हाय. कापणी झाली की समदी धसकटं ऱ्हात्याल. मंग पडाल तर चाळणी हुईल अंगाची."

हे मात्र तिनं अगदी खरं सांगितलं. त्या वर्षी मी भाताकडं ज्या डोळ्यांनी बघत होते त्या डोळ्यांनी कुणी शेतकरीही बघत नसेल. खालच्या अंगाची खाचरं पिवळी पडू लागली, की मी कापणीला उरलेले दिवस मोजू लागे. एकेक खाचर कापलं जाई, पेंढ्या खळ्यावर जात, आणि आमच्या पडण्याच्या जागा एकेक करून कमी होत. पूर्वी दिसेल त्या माणसाला नमस्कार करून पडता येत होतं. आता यांना आधी जमीन बघावी लागे.

एकदा कोंडाबाई माझ्या पाठीवरची माती झाडता झाडता हळूच म्हणाली, "बाई, तुमी साळंत येनार हे खरं न्हवं? माझी धाकली पोर लई मागं लागलीया. पर तिचा बा म्हनतो, बाई असंल तर धाडीन, मास्तरापुढं न्हाई धाडायचा."

"येणार," मी म्हटलं.

"मंग नीट बसा की त्या सायकलीव. रोज हितं काय लोळताय?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिच्या पोरीचा वर्ग या खाचरातल्या चिखलात अडकला होता, आणि तो माझ्या नवऱ्याच्या चांगुलपणानं अडकला होता. चांगुलपणाशी भांडायचं तरी कसं?

त्याच दिवशी यांचा सोगा साखळीत असा काही गुंतला की सायकल पुढंही जाईना नि मागंही. कोंडाबाईनं शांतपणे विळ्यानं धोतराचा तुकडा कापून सायकल सोडवली. हे तो तुकडा हातात घेऊन बांधावर बसले होते, आणि मी त्या चिखलातल्या सायकलीकडं बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पदर सावरायला हात सोडते तेव्हा सायकलीला कळतसुद्धा नाही. हे हात सोडतात तेव्हा आपण खाचरात. मागचं हँडल नुसतं धरायचं. मागच्या माणसाचे हात मोकळेच असतात.

"अहो," मी म्हटलं, "मी पुढं बसू का?"

बांधावर कोंडाबाई होती, तिनंही तोंडाला पदर लावला. बायकोनं नवऱ्याच्या पुढं बसायचं? देवळात जातानासुद्धा मी यांच्या मागून चालणारी.

यांनी हातातल्या तुकड्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे मी मडमेच्या जागी?"

"तिथं जाळी आहे. धोतर अडकायचं नाही."

"आणि नमस्कार?"

"दोन्ही हातांनी करा. खुशाल वाकून करा. माझ्या वाटचेही तुम्हीच करा."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं हे मी आधीच का नाही सुचवलं! दुसरा कुणी नवरा रुसला असता, तणतणला असता. हे उठून सायकल पुसायला लागले.

मी पुढं बसले. वेल्ह्याकडं आम्ही मुली डोक्यावर पेंढ्या घेऊन ओल्या निसरड्या बांधावरून पळायचो. पाय कुठं पडतो हे न बघता तोल सांभाळायची सवय माझ्या अंगात होती, फक्त ती सायकलीच्या मागच्या बैठकीवर वाया जात होती. उतार आला. हँडल माझ्या हातात होतं, वारा थेट माझ्या तोंडावर येत होता, आणि माझ्यासमोर कुणाची पाठ नव्हती. लग्न झाल्यापासून मी रस्ता असा सबंध पाहिलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडले. मागून हे म्हणाले, "काय झालं? कोण आलं?" आणि खबरदारी म्हणून नमस्कार करून टाकला. तो कोंडाबाईच्या शेतातल्या बुजगावण्याला गेला.

त्यानंतर आम्ही पडलो नाही. हे मागं बसून उजवीडावीकडं नमस्कार करीत. जणू दोघांची मिळून मिरवणूकच निघाली आहे. नमस्कार करताना हे पाय नुसते फिरू देत, जोर सगळा मला लावावा लागे. त्यावरून न बघता मला कळायचं, आत्ता गेले ते किती थोर होते ते. भटजींच्या वेळी चढ असला तर मी घामाघूम होई.

पण हे सगळं गावाबाहेर. गावाची शीव आली की आम्ही उतरायचो आणि सायकल हातात धरून घरी यायचो. सून पुढं नि मुलगा मागं, हे मामंजींना कळलं तर तिसरी अट मोडलीच म्हणायची. यांचा बेत असा, की शाळेतही असंच जायचं. गावात चालत, गावाबाहेर सायकलीवर. मामंजींना कशाला कळतंय?

मामंजींना अर्थातच कळलं. ज्या रस्त्यावर सगळे निवृत्त लोक फिरायला येतात त्या रस्त्यावरची बातमी किती वेळ लपणार? शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचा सराव म्हणून कोंडाबाईच्या वळणाचा उतार भरधाव उतरत होतो. भात कापून झालं होतं. खाचरात नुसती धसकटं. आणि वळणापलीकडं, रस्त्याच्या मधोमध, काठी टेकून मामंजी उभे.

मागून आवाज आला, "तात्या!"

मला एवढंच आठवतं, की माझे दोन्ही हात डोक्यावर पदर घ्यायला गेले. पुढं मी बसले होते हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं.

धसकटं कशी लागतात ते मी सांगत नाही. उठून बसले तेव्हा डाव्या कोपरातून रक्त येत होतं आणि मामंजी बांधावर उभं राहून आमच्याकडं बघत होते. हे धसकटांत उभं राहून त्यांना नमस्कार करत होते. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. माझा एक हात अजून पदरावरच होता. मग त्यांनी काठीनं सायकलीचं पुढचं चाक जरा फिरवून पाहिलं, आणि घराकडं चालू लागले.

रात्री जेवतानाही ते बोलले नाहीत. भात वाढला तर हातानंच पुरे म्हणाले. मी समजले, हुकूम रद्द. कोंडाबाईच्या पोरीला काय सांगायचं, याचाच विचार करत मी भांडी घासली.

सकाळी उठून पाहते तो मामंजी घरात नाहीत. काठी नाही, पगडी नाही. मी मुकाट्यानं स्वयंपाक केला, कोपराला चिंधी बांधली. हे म्हणाले, "नाही असं कुठं म्हणालेत ते? चल." आम्ही सायकल हातात धरून निघालो.

गाव संपतं तिथं पिंपळाचा पार आहे. सकाळी फिरून आले की सगळी वडीलधारी मंडळी तिथं रस्त्याकडं तोंड करून बसतात. त्या दिवशीही बसली होती. मामंजी, वैद्यबुवा, भटजी, पोस्टमास्तर, हेडमास्तर, तलाठी, सगळे ओळीनं. पण तोंडं तिकडं, झाडाच्या बुंध्याकडं, आणि पाठी सगळ्या रस्त्याकडं.

गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी मिळून आमच्याकडं पाठ केली होती. यांनीही सवयीनं हात जोडले खरे, पण समोर तोंड कुणाचंच नाही. तसेच जोडलेले हात घेऊन हे उभे राहिले.

मामंजी मान न वळवता, कचेरीत निकाल वाचावा तशा आवाजात म्हणाले, "रस्त्यानं कोण जातंय ते इथं कुणाला दिसत नाही. तेव्हा नमस्कार करायचं कारण नाही, आणि पदराला हात लावायचंही कारण नाही."

वैद्यबुवांची मान जरा वळू लागली. मामंजींनी काठी आपटली. मान जागेवर गेली.

मग ते म्हणाले, "सूनबाई, तू पुढं बस. त्याच्या हातात देऊ नकोस, तो पाडील. आणि निघा आता, मुली वाट बघत असतील."

मी पुढं बसले. गावाच्या शिवेच्या आत, भर सकाळी, नवऱ्याच्या पुढं. डोळ्यांत पाणी आलं होतं, रस्ता धड दिसत नव्हता, पण हँडल सोडून डोळे पुसायची माझी छाती झाली नाही. पाराच्या पुढच्या वळणावर सायकल एकदम डावीकडं गेली. दगड आला असेल म्हणून मी सावरली आणि जोरात पाय मारले.

भाटघरला शाळेच्या दारात कोंडाबाई पोरीचा हात धरून उभी होती. तिनं आधी माझ्या लुगड्याकडं बघितलं, चिखल आहे का ते. "आल्या! आन् बिनपडता आल्या!" असं ती ज्या आवाजात ओरडली, तो धरणाच्या भिंतीवर ऐकू गेला असेल.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत आम्ही घरी आलो. मामंजी झोपाळ्यावर होते. "पडलात?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं. "मग ठीक," म्हणाले, आणि त्या रात्री दोनदा भात मागून घेतला. त्यापुढं रोज सकाळी आमची सायकल येताना दिसली, की पारावरची मंडळी उठून झाडाकडं तोंड करून बसत. परगावचा एखादा माणूस विचारी, ही कसली पूजा? मामंजी म्हणत, "रिवाज आहे."

आता मामंजी नाहीत. पारावर दुसरी माणसं बसतात. यांची बदली भोरला झाली, म्हणून जोडसायकल पडवीत टांगलेली असते आणि दसऱ्याला तेवढी माळ घालून घेते. मी भाटघरला सर्व्हिस मोटारीनं जाते आणि फाट्यापासून शाळेपर्यंत चालते. यंदा भात पिकायच्या दिवसांतच कोंडाबाईची नात, शेवंता, माझ्या चौथीतली, काकाची सायकल नळीखालून पाय घालून शिकायला लागली आहे. परवा मला पाहताच तिनं दोन्ही हात सोडले, "नमस्ते बाई!" म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत आजीच्या खाचरात गेली. तेच खाचर, तेच वळण.

दुसऱ्या दिवशी सायकलीची खडखड ऐकली आणि मी रस्त्याकडं पाठ करून उभी राहिले. खडखड थांबली. पोरगी उतरून माझ्यामागं उभी. रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी माझ्याव रुसलाय व्हय? म्या काय केलं?"

"काही नाही केलंस. मी तिकडं बघतेय. तू मला दिसत नाहीस. हात सोडू नकोस, जा."

तिला काय कळलं कुणास ठाऊक. पण आज सकाळी मी तशीच उभी असताना पाठीमागून चक्क घंटी वाजली. मला, शाळेच्या बाईला, घंटी! हे तिथं असते तर त्यांना घेरी आली असती. खडखड जवळ आली, पाठीमागून गेली, उतारावर लागली, आणि मला वळून बघायचा असा मोह झाला, की बांधावरचं गवत मुठीत धरून उभी राहिले. ती पडली नाही, हे फक्त कानांनी ऐकलं. आणि मला मामंजींचं फार वाईट वाटलं. आम्ही त्यांच्यामागून रोज गेलो, आणि त्यांनी आम्हाला एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी यांना तसं म्हटलं. हे ओट्यावर पावटे सोलत होते.

"कोण म्हणतं पाहिलं नाही?" हे म्हणाले. "पहिल्याच दिवशी पाहिलं. मी मागं बसलो होतो ना. वळणावर मागं वळून बघतो तर तात्या पारावरून उतरून रस्त्यात येऊन उभे. पगडी काढून हातात घेतलेली, आणि आपल्याकडं बघतायत."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "आणि मग?"

"मग काय? मी तसाच मागं वळून, कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणून तर सायकल तशी डावीकडं गेली."